मुखवटा आतून पाहावा

गोष्ट तशी लहानच. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला माझी बहीण माहेरी, म्हणजे शिरूरला आमच्याकडे आली. तिच्याबरोबर मुंबईत नोकरी करणारा माझा भाचाही आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जड गाठोडे होते. “मामा, तुमच्या बैठकीच्या खोलीसाठी,” असे म्हणून त्याने कागद सोडला, तेव्हा आतून एक लाकडी तोंड बाहेर आले. हातभर उंच, बटबटीत डोळे, वर वळलेल्या मिशा, दिसणारे दात, लाल-काळा रंग आणि त्यावर काजळीची जाड पुटे. जव्हार-मोखाड्याकडे आदिवासींचा बोहाडा होतो, त्यातला हा शंभर वर्षांचा मुखवटा, असे दुकानदाराने सांगितले होते. किंमत भाच्याने सांगितली नाही आणि मी विचारली नाही. पण ‘अस्सल’ हा शब्द त्याने तीनदा उच्चारला, त्यावरून अंदाज आला.

आमच्या सौभाग्यवतींनी लगेच खिळा आणि हातोडी आणवली. कोचाच्या वरची जागा ठरली. एवढ्यात आई आतून आली. पदराने डोळे पुसून तिने त्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ह्यो कुनाचा रं?”

“आजी, शोभेची वस्तू आहे ती,” भाचा म्हणाला.

“त्ये न्हवं. कुन्या देवाचं त्वांड हाये ह्ये? आन् ज्याच्या घरातनं आनलंय, त्यो आता काय करत आसंल?”

यावर कोणीच काही बोलले नाही. आईने आणखी एक वाक्य टाकले : “निवद दावायचा नसंल, तर देवाचं त्वांड घरात टांगू नये.” मग तिने आपले एक जुने लुगडे आणले, मुखवटा त्यात बांधला आणि माळ्यावर गौरींच्या ट्रंकेशेजारी ठेवून दिला. खिळा मात्र भिंतीत राहिला. पुढचे चार-पाच महिने बैठकीत बसले की माझी नजर त्या रिकाम्या खिळ्याकडे जाई.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘मुखवट्यामागचा माणूस’, ‘समाजात वावरताना चढवलेले मुखवटे’ अशी वाक्ये मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली आहेत. मुखवटा म्हणजे लबाडी, तो फाडला की खरा माणूस दिसतो, हे आम्हा शिकलेल्या मंडळींचे ठरलेले मत. आणि इथे चौथीपर्यंत शिकलेली माझी आई त्या लाकडाला ‘कुणाचा’ म्हणून विचारत होती. त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही.

देव्हाऱ्यातले चेहरे

आमचे मूळ गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. लहानपणी यात्रेच्या दिवशी पाहिलेले एक दृश्य मला अजून आठवते. गाभाऱ्यातला भैरवनाथ दगडाचा. तो जागचा हलत नाही. पण वर्षातून एकदा देवालाही गाव पाहायचे असते! म्हणून त्याचा मुखवटा पालखीत बसवतात. एरवी तो मुखवटा कापडात गुंडाळून पेटीत असे. पेटीत असताना तो पितळ. चिंच लावून घासावा, उन्हात वाळवावा, त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पण पालखीत बसून गुलालाची पहिली मूठ अंगावर पडली, की तो देव. म्हातारी माणसेही वाटेत आडवी होऊन पालखी अंगावरून जाऊ देत.

घरातही तेच. आपल्याकडे भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळावर परत जातात. कोणाच्या गौरी खड्यांच्या, कोणाच्या तेरड्याच्या, आमच्या मुखवट्यांच्या. त्या ट्रंकेतून काढताना आई मुलांवर ओरडत असते, सुनेला सूचना देत असते. पण उभ्या केलेल्या गौरींवर मुखवटे बसले, साडीच्या निऱ्या नीट झाल्या, की तिचा आवाज आपोआप खाली येतो. “आल्या,” एवढेच ती म्हणते. तीन दिवस त्या माहेरवाशिणी. चौथ्या दिवशी तेच मुखवटे पुन्हा ट्रंकेत. ट्रंकेतल्या मुखवट्याशी कोणी बोलत नाही. पण त्याला पायही लागू देत नाही. तो देव नसतो, पण देवाची जागा असतो.

आमच्या बैठकीत टांगायला निघालेले ते तोंड आईच्या लेखी अशीच कोणाची तरी जागा होते. ती जागा आपल्या भिंतीवर रिकामी टांगायची, आणि ज्याच्या घरातून ती आली तिथेही रिकामीच ठेवायची, हे तिला पटत नव्हते.

शब्दांची साक्ष

भाषेचा मास्तर असल्यामुळे मी आधी शब्दांकडे वळलो. बहुरूप्याचे ‘सोंग’ हे ‘स्वांग’ या शब्दाचे रूप. बोलता बोलता आपण ‘सोंग करू नकोस’ म्हणून मुलांना दटावतो. पण ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही’ या म्हणीत सोंगाची निंदा नाही, उलट ते आणायला अंगी काही असावे लागते याची कबुलीच आहे. एकनाथांनी आपल्या भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी सोंगे आणली. वेदान्त सांगायला त्यांना दुसऱ्याचे तोंड घ्यावेसे वाटले, आणि ते तोंड घेतल्यामुळे त्यांचे म्हणणे अधिक मोकळे झाले, लपले नाही.

आणखी एक मौज पाहा. ‘पर्सन’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘पर्सोना’वरून आला, आणि पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा! आपण त्या ‘पर्सन’ला व्यक्ती म्हणतो, आणि संस्कृतात व्यक्ती म्हणजे प्रकट होणे. एका भाषेत माणसाचे नाव मुखवट्यावरून पडले, दुसऱ्या भाषेत प्रकट होण्यावरून. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, की मुखवटा घालून माणूस लपतो हे आपले मत जरा लंगडे पडते.

शब्दांवरून एवढे कळले. पण माळ्यावरचे तोंड कुणाचे, हे शब्दकोश सांगू शकत नव्हता.

मोखाड्याची रात्र

शिरूर आता पूर्वीचे घोडनदीकाठचे बाजाराचे गाव राहिलेले नाही. रांजणगावची औद्योगिक वसाहत झाल्यापासून कुठकुठली माणसे इथे खोल्या घेऊन राहतात. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मोखाडा तालुक्यातला एक मुलगा होता. त्याचे वडील रांजणगावला कामाला. एकदा तासानंतर मी त्याला बोहाड्याबद्दल विचारले. वर्गात कधी तोंड न उघडणारा तो मुलगा त्या दिवशी अर्धा तास बोलला. शेवटी म्हणाला, “सर, शिमग्यानंतर आमच्याकडे या. आजोबांना दाखवा तुमचा मुखवटा.”

त्याप्रमाणे मी मुखवटा लुगड्यासकट पिशवीत घातला आणि एस.टी.ने नाशिक गाठले. तिथून त्र्यंबकवरून मोखाडा. उन्हाने करपलेले डोंगर, पानगळ झालेली साग, मधूनच पेटल्यासारखा पळस. हा सगळा भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो. 2014 पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमाती इथे राहतात. पावसाळ्यात भात-नागली पिकते. ती संपली, की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर पोट घेऊन जातात. पण शिमग्याला माणूस परत येतो. त्यानंतर वैशाखापर्यंत गावोगावी बोहाडा होतो. पोटासाठी पांगलेले गाव त्या रात्री पुन्हा एक गाव होते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले.

रात्र चढल्यावर संबळ वाजू लागला, पिपाणीने सूर धरला. पहिल्याने गणपती आला, मग मोरावर बसलेली सरस्वती. त्यांच्यामागून एकेक सोंग गल्लीतून नाचत पुढे येई, मागे जाई, पुन्हा पुढे येई. मारुती आला, खंडेराव आला, नरसिंह आला, दहा तोंडांचा रावण आला. आपल्या लळितांत आणि कोकणातल्या दशावतारी खेळांतही आरंभी गणपती आणि सरस्वती येतात. मराठी रंगभूमीचे हे जुने वळण इथे डोंगरात जिवंत आहे. पहाटे देवी आणि महिषासुर यांचे युद्ध झाले. असुर पडला आणि पूर्वेला उजाडले.

यातली गंमत अशी की, कोणते सोंग कोणी घ्यायचे हे पुष्कळ गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. एका घराकडे मारुती, दुसऱ्याकडे नरसिंह. त्या घरचा माणूस दूर कामाला असला, तरी बोहाड्याला त्याने यायचे. न आला तर त्या वर्षी गावाचा मारुतीच आला नाही! असा मुखवटा लपण्यासाठी थोडाच असतो? तो घातल्यावर माणसाला चुकवून चालत नाही, पाय दुखले म्हणून मध्येच बसता येत नाही. एरवी सावकारापुढे आणि मुकादमापुढे मान खाली घालणारा माणूस त्या रात्री मान ताठ करून नाचतो, कारण त्या मानेवर सगळ्या गावाने ठेवलेले तोंड असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाच्या आजोबांपुढे मी पिशवी ठेवली. त्यांनी लुगडे सोडले आणि एक वेगळीच गोष्ट केली. मुखवट्याच्या डोळ्यांकडे, मिशांकडे, दातांकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्यांनी तो उलटा केला, आतल्या पोकळीत हात घातला आणि बोटे हळूहळू फिरवली.

“गुरुजी, ह्यात घाम नाही,” ते म्हणाले.

मला समजले नाही. त्यांनी माझा हात धरून आत घातला. लाकूड खरखरीत होते, वाकसाचे घाव जिथल्या तिथे. नाचलेला मुखवटा आतून गुळगुळीत असतो, कपाळ-गालांनी घासून. कडेला दोरीचा घट्टा पडलेला असतो. याच्या भोकांतून दोरी कधी गेलीच नव्हती. काजळी बाहेरून दिलेली होती. आत नाव नव्हते. आणि हा कोण, मारुती की वेताळ की राक्षस, तेही सांगता येईना. गिऱ्हाइकाला आवडेल असा कोणीतरी उग्र चेहरा कोरून दुकानात ठेवला होता, इतकेच. “मुखवटा पुढून काय बघायचा? आतून बघावा,” आजोबा म्हणाले.

मला एकदम हायसे वाटले. कोणाच्या घरचा देव माझ्या माळ्यावर पडून राहिलेला नव्हता! पण हे हायसे वाटणे फार वेळ टिकले नाही. आजोबांनी घरातून त्यांचा स्वतःचा मुखवटा आणून दाखवला. तो कागदाच्या लगद्याचा होता. पूर्वीचा लाकडी होता, त्यांच्या आजाने कोरलेला. एका टंचाईच्या वर्षी घरात दाणा नव्हता. त्या वेळी शहरातून आलेल्या माणसाला थोरल्या भावाने तो दिला. किती पैसे आले ते त्यांना आठवत होते, आणि त्या पैशांत किती दिवस भागले तेही.

“मग वाईट नाही वाटत, बाबा?” मी विचारले.

“वाटतं की. पण त्या साली नाचायचं राहिलं नाही. कागदाचा केला. येणारा येतोच, त्याला लाकूडच लागतं असं नाही, माणूस लागतो.” थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, “हा पोरगा शिकतोय तिकडं. हा आला पाहिजे.” मुलगा खाली पाहत होता.

मी माझा मुखवटा त्यांना देऊ केला. त्यांनी हसून नको म्हटले. “आमच्या घराचं सोंग ठरलेलं. हा कोण आहे, ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही.”

दूरचे शेजारी

परतल्यावर मी हाती लागेल ते वाचू लागलो. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयात जाऊन काचेमागचे मुखवटे पाहिले. पेरणी लोकांचा गोव्यातला जागर आणि त्यातले रंगीत लाकडी मुखवटे यांच्याविषयी वाचले. आणि वाचता वाचता एकदम पश्चिम आफ्रिकेत जाऊन पोहोचलो.

तिथे बुर्किना फासो नावाचा देश आहे. 1960 साली तो फ्रेंचांच्या अमलातून मोकळा झाला तेव्हा त्याचे नाव अपर व्होल्टा होते. 1984 साली त्याने आपले नाव बदलले. नव्या नावाचा अर्थ, सचोटीच्या माणसांचा देश. तिथल्या लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास मोसी लोक आहेत. वागादुगू ही राजधानी त्यांच्याच राजाची, मोरो नाबाची, जुनी गादी. पाऊस कमी, जमीन हलकी, पीक ज्वारी-बाजरीचे. शिरूर-दौंडच्या जिरायती शेतकऱ्याला ते शिवार परके वाटू नये.

मोसींचे राज्यकर्ते काही शतकांपूर्वी दक्षिणेकडून घोड्यांवर बसून आले. त्यांनी सत्ता घेतली; पण मुखवटे त्यांचे नाहीत. मुखवटे आहेत त्या जमिनीवर आधीपासून नांदणाऱ्या शेतकरी कुळांचे, न्योन्योसे लोकांचे. गादी राजाची, पण धरणीशी बोलण्याचा अधिकार या कुळांचा, अशी ती वाटणी. प्रत्येक कुळाचा मुखवटा निराळा. त्यात कुळाचे रक्षण करणारा प्राणी किंवा पूर्वज. उत्तरेकडच्या यातेंगा भागातल्या मुखवट्यांवर माणसाहून उंच अशी अरुंद कोरीव फळी उभी असते. घरातले जाणते माणूस गेले, की मुखवटे त्याला निरोप द्यायला येतात.

दोन तपशील वाचून तर मी चकित झालो. हे मुखवटे ज्या हलक्या लाकडाचे कोरतात, ती आपली पांढरी सावर. आणि मुखवट्याखाली नाचणाऱ्याचे अंग ज्या झुपकेदार धाग्यांनी झाकतात, तो वाख अंबाडीचा! आपल्या बांधावर उगवणारी, जिची आंबट भाजी आपण भाकरीशी खातो आणि जिचे दोर वळतो, ती अंबाडी. आणि वर्षभर नाच नसतो, तेव्हा हा मुखवटा घरात काय करतो? तो पूर्वजांचे स्थान म्हणून राहतो. घरातली माणसे त्याच्यापुढे नैवेद्य ठेवतात आणि आपले गाऱ्हाणे सांगतात. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि मला आईचे वाक्य आठवले. तिने वागादुगूचे नावही ऐकलेले नाही.

असे कितीतरी मुखवटे आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आहेत. 2017 सालच्या नोव्हेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी वागादुगूच्या विद्यापीठातच भाषण करून, आफ्रिकेचा वारसा आफ्रिकेला परत मिळाला पाहिजे, असे जाहीर केले. 2021 साली बेनिन या शेजारच्या देशाला 26 वस्तू परतही मिळाल्या. पण वस्तू परत आली, तरी ती घालणारा माणूस गावात हवा. 2015 नंतर बुर्किना फासोमध्ये सशस्त्र टोळ्यांनी हैदोस घातला आणि लाखो लोकांना आपली खेडी सोडावी लागली. त्यात मुखवट्यांचा तो उत्तरेकडचा मुलूखही आला. गावच उठले, तर निरोप द्यायला कोण येणार? मोखाड्याच्या आजोबांचे शब्द तिथेही तितकेच लागू पडतात : लाकूड पुन्हा मिळते, माणूस यावा लागतो.

खिळा

शिरूरला परत आलो त्या रात्री आईने विचारले, “काय म्हनले? कुनाचा हाये?”

मी तिला सगळे सांगितले. आत घाम नाही, दोरी गेलेली नाही, नाव नाही, कोणत्याच घराने तो कधी अंगावर घेतलेला नाही. “दुकानासाठी केलेला आहे, आई. कुणाचाच नाही.”

मला वाटले, ती म्हणेल, मग टाका की भिंतीवर. ती काही वेळ गप्प राहिली.

“कुनाचाच न्हाई?” ती म्हणाली. “मंग ऱ्हाऊ द्या बापड्याला आपल्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा खिळ्यावर होता. बैठकीत येणारे लोक त्याची तारीफ करतात आणि हटकून विचारतात, “जुना आहे का हो?” मी खरे ते सांगतो : अगदी नवा आहे, अजून नाचलेला नाही. काहींचा चेहरा त्यावर उतरतो.

दिवाळीची झाडलोट करताना मी तो खाली काढला आणि सवयीने उलटा करून आत पाहिले. तिथे हळद-कुंकवाची दोन बारीक बोटे होती. पुढच्या बाजूला, पाहुण्यांना दिसेल अशा ठिकाणी, काहीच नव्हते. आईला मी त्याबद्दल विचारले नाही. माझा तो विद्यार्थी मात्र परवा सांगून गेला, की परीक्षा कोणत्याही तारखेला लागो, शिमग्यानंतर दोन दिवस तो गावी जाणार आहे. मी त्याची रजा आत्ताच मांडून ठेवली आहे.